बुद्धिमान माणसे राजकारण टाळतात की मत मागणे टाळतात?

अनुस्वार :

आमच्या कोथरूडच्या सोसायटीत ११२ सदनिका आहेत आणि पदवी नसलेला प्रौढ माणूस तिथे शोधावाच लागेल. सचिव या नात्याने मी विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघाच्या नोंदणीचे नमुना १८ चे अर्ज आणून ठेवले, सूचनाफलकावर कागद लावला आणि व्हॉट्सअॅप गटावर तीनदा आठवण केली. तीन आठवड्यांत नऊ अर्ज भरून आले. विधानसभेच्या यादीत नाव असले तरी या यादीत ते आपोआप येत नाही आणि प्रत्येक निवडणुकीला ही यादी नव्याने तयार होते, हे अनेकांना ठाऊक नव्हते, हे मी मान्य करते. परंतु ठाऊक झाल्यावरही, पदवी प्रमाणपत्राची प्रत जोडून सही करण्यापलीकडे फारसे काही करायचे नसताना, "त्याने काय फरक पडणार आहे?" हे उत्तर मला एक डॉक्टर, एक सनदी लेखापाल आणि एक निवृत्त प्राध्यापक अशा तिघांकडून जवळपास त्याच शब्दांत मिळाले.

त्याच आठवड्यात शेजारच्या मुलीने, जी दहावीपासून पहिल्या तिघांत आहे, एका पक्षाच्या कार्यालयात वर्षभर काम करण्याचा विचार घरी बोलून दाखवला. तिच्या वडिलांची प्रतिक्रिया होती, "एवढी हुशार असून?" त्या तीन शब्दांवरून हा धागा काढते आहे.

हा समज आपल्याकडे इतका रुळला कसा, याचेच मला नवल वाटते. ज्या प्रांताने फर्ग्युसन महाविद्यालयात ७५ रुपये पगारावर शिकवणारे गोपाळ कृष्ण गोखले कायदेमंडळात पाठवले, गणितात प्रथम वर्ग मिळवलेले टिळक ज्याने पाहिले आणि कोलंबिया व लंडन अशा दोन्हीकडच्या पदव्या घेऊन आलेले डॉ. आंबेडकर ज्याने देशाला दिले, त्या प्रांतातल्या एका घरात हुशारी आणि राजकारण हे परस्परविरोधी शब्द कधी झाले? बुद्धिमान माणसे राजकारणात खरोखरच येत नाहीत, की ती येतात आणि आपल्याला दिसत नाहीत?

---

खडूस_काका :

हुशार म्हणजे कोण, हे आधी ठरवा. आपल्याकडे दहावीच्या टक्क्यांना बुद्धी म्हणतात.

वसंतदादा पाटलांचे औपचारिक शिक्षण फारसे नव्हते. सांगलीचा साखर कारखाना त्यांनी उभा केला, मुख्यमंत्री झाले आणि १९८३ साली विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी देण्याचा निर्णय त्यांनीच घेतला. त्या धोरणाच्या बऱ्यावाईट परिणामांवर वेगळा धागा निघू शकेल. पण त्या महाविद्यालयांतून बाहेर पडलेले निम्मे अभियंते आज "आपले राजकारणी अडाणी आहेत" असे लिहीत असतात, याची मौज वाटल्याशिवाय राहत नाही.

---

साक्षेपी :

काकांचा मुद्दा रास्त आहे, परंतु त्याने मूळ प्रश्न निकालात निघत नाही. मी नागपुरात राज्यशास्त्र शिकवतो, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

अनुस्वार यांनी पदवीधर मतदारसंघाचे उदाहरण नकळत फार नेमके दिले आहे. सुशिक्षित माणसे थेट निवडणुकीच्या धकाधकीत उतरणार नाहीत, ही शंका घटनाकारांच्या काळीही होती, आणि म्हणूनच अनुच्छेद १७१ मध्ये विधान परिषदेचा एक द्वादशांश भाग पदवीधरांनी आणि तेवढाच शिक्षकांनी निवडून द्यावा अशी तरतूद झाली. महाराष्ट्राच्या परिषदेत ७८ सदस्य आहेत. त्यांतले सात पदवीधरांचे, सात शिक्षकांचे आणि बारा राज्यपालनियुक्त. म्हणजे विद्येसाठी राज्यघटनेने एक बाजूचा दरवाजा ठेवलेला आहे. त्या दरवाजातून फर्ग्युसनमध्ये इंग्रजी शिकवणारे ग. प्र. प्रधान आले आणि पुणे पदवीधरमधून सलग अठरा वर्षे परिषदेत राहिले. त्याच परिषदेचे सभापती वि. स. पागे हे संतवाङ्मयाचे अभ्यासक होते आणि रोजगार हमी योजनेची मूळ कल्पना त्यांची. पुढे १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि देशभरच्या ग्रामीण रोजगार कायद्याला त्याचा आधार मिळाला. एका माणसाच्या विचारशक्तीचा लाखो मजुरांच्या चुलीशी इतका सरळ संबंध जुळल्याची उदाहरणे थोडी आहेत, आणि ती विधिमंडळात घडली आहेत, विद्यापीठात नाहीत.

आता दुसरी बाजू. डॉ. आंबेडकर १९५२ मध्ये मुंबईतून लोकसभेला उभे राहिले आणि पडले; १९५४ मध्ये भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत पुन्हा पडले. संविधान सभेत ते आधी बंगालमधून आणि फाळणीनंतर मुंबईच्या विधिमंडळाकडून गेले, संसदेत राहिले ते राज्यसभेतून. डॉ. मनमोहन सिंग १९९९ मध्ये दक्षिण दिल्लीतून हरले आणि दहा वर्षे पंतप्रधान राहूनही लोकसभेचे सदस्य कधीच नव्हते. या पराभवांची कारणे वेगवेगळी आहेत आणि त्यांत पक्षाची ताकद हे सर्वांत मोठे आहे. तरीही असामान्य बुद्धीचा माणूस सत्तेपासून पळतो, असे यांतून दिसत नाही. तो सत्तेपर्यंत पोहोचतो, फक्त बहुतेक वेळा बाजूच्या दरवाजाने.

---

तिसरा_अटेम्प्ट :

मी लातूर जिल्ह्यातला असून पुण्यात सदाशिव पेठेत राहून स्पर्धा परीक्षेची तयारी करतो आहे. आमच्या अभ्यासिकेत सकाळी सात वाजता जागा मिळत नाही. या एका पेठेत जेवढी मुले राज्यव्यवस्थेचा अभ्यास करतात, तेवढी बहुधा विधिमंडळाच्या ग्रंथालयातही कोणी करत नसेल. मूलभूत हक्क, राज्यपालांचे अधिकार, अर्थसंकल्पाची प्रक्रिया, सगळे आम्हाला तोंडपाठ आहे, आणि आमच्यातल्या एकालाही निवडणूक लढवायची नाही.

पण आम्हाला सत्ता नको आहे, असे कृपया कोणी समजू नये. तहसीलदाराची गाडी, प्रांताधिकाऱ्यांची सही, जिल्हाधिकाऱ्यांच्या बैठकीतले शेवटचे वाक्य, हेच सर्वांच्या डोळ्यांसमोर असते. आम्हाला अशी सत्ता हवी आहे जी एकदा परीक्षा देऊन मिळते आणि अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत कोणी काढून घेत नाही. चौकात उभे राहून "मला मत द्या" म्हणण्यापेक्षा अठरा-अठरा तास वाचन करणे सोपे वाटते, कारण वाचनात अपमान नाही.

---

मांडवीकाठ :

अठरा तासांचा अपमानरहित अभ्यास, हे वाक्य मनात राहील.

गोव्यातून एक वेगळा मुद्दा मांडतो. मनोहर पर्रीकर मुंबईच्या आयआयटीतून १९७८ साली धातुशास्त्राचे अभियंते होऊन बाहेर पडले, १९९४ मध्ये पणजीतून आमदार झाले आणि २००० मध्ये मुख्यमंत्री. त्यांच्याबद्दल बोलताना लोक आयआयटीवर थांबतात. मला वाटते, त्यांच्या यशात दोन गोष्टी अधिक महत्त्वाच्या होत्या. पहिली ही की ते पदवी घेऊन राजकारणात "आले" नाहीत. त्याच्या कितीतरी आधीपासून ते एका संघटनेच्या शिस्तीत वाढले होते, त्यामुळे सतरंज्या घालण्यापासून हिशेब ठेवण्यापर्यंतची उमेदवारी त्यांची झालेली होती. दुसरी गोष्ट निव्वळ अंकगणिताची आहे. गोव्यात चाळीस आमदार आहेत आणि एका मतदारसंघात सरासरी तीस हजारांच्या आत मतदार येतात. महाराष्ट्रात ९ कोटी ७० लाख मतदारांना २८८ ने भागले तर एका आमदारामागे सव्वातीन लाखांहून अधिक मतदार येतात. तीस हजार लोकांपर्यंत उमेदवार पायी पोहोचू शकतो, त्यांच्याशी वाद घालू शकतो, आपली समज त्यांना प्रत्यक्ष दाखवू शकतो. सव्वातीन लाखांपर्यंत पोहोचायला मधे माणसे लागतात, वाहने लागतात, पैसा लागतो आणि तिथे उमेदवाराची बुद्धी कोणाला दिसतच नाही. दिसतो तो फलकावरचा फोटो.

(अवांतर : लहान मतदारसंघाचे तोटेही आम्ही गोवेकर पुरेपूर भोगले आहेत. पाचपंचवीस मतांसाठी काय काय करावे लागते आणि निवडून आलेला माणूस कोणत्या पक्षात झोपून कोणत्या पक्षात उठतो, यावर मी न लिहिणेच बरे.)

---

भीमथडी :

मी स्थापत्य अभियंता आहे. आठ वर्षे मुंबईत नोकरी करून गावी परतलो आणि २०१२ मध्ये सदस्यांनी मला सरपंच केले. थेट सरपंच निवडण्याची पद्धत त्यानंतरची. पावणेदोन वर्षांत अविश्वास ठराव आला आणि मी पायउतार झालो. त्याविषयी आता राग उरलेला नाही, म्हणून मोकळेपणाने लिहितो.

माझी समजूत अशी होती की गावाला नियोजन येत नाही आणि मला ते येते. पाणीपुरवठ्याची जुनी वाहिनी कुठे गळते, हे मी आठ दिवसांत नकाशावर काढले. टाकीच्या उंचीचे गणित मांडून दाखवले आणि ग्रामसभेत वीस मिनिटे समजावून सांगितले. कोणी विरोध केला नाही. तो होकार आहे असे मी समजलो. प्रत्यक्षात नव्या वाहिनीच्या मार्गात दोन भावकींच्या बांधाचा चाळीस वर्षांचा वाद होता आणि तो गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होता. माझ्या नकाशात तो नव्हता. आमचे एक जुने सदस्य, सातवी शिकलेले, त्यांनी मला आधीच सुचवले होते की वाहिनी देवळामागून न्या, खर्च थोडा वाढेल. मी त्यांना खर्चाचे आकडे दाखवून गप्प केले. माझ्याविरुद्धच्या ठरावावर पहिली सही त्यांचीच होती.

त्या गृहस्थांना गावातल्या सहाशे उंबऱ्यांपैकी कोणाची मुलगी कुठे दिली, कोणाच्या सातबाऱ्यावर कोणाचा बोजा आहे, कोणत्या घरची घरपट्टी का थकली आहे आणि कोणाला ती चारचौघांत मागायची नाही, हे सगळे मुखोद्गत होते. मी त्याला तेव्हा राजकारण म्हणत असे. आज मला ती स्मरणशक्ती आणि ते गणित माझ्या टाकीच्या गणितापेक्षा अवघड वाटते. त्यामुळे "बुद्धिमान माणसे राजकारणात येत नाहीत" हे वाक्य ऐकले की मला त्या वाक्यातल्या बुद्धीचीच शंका येते.

मात्र एक सांगतो. ते सदस्य आणि मी एकत्र बसलो असतो, तर गावाला चांगले पाणी मिळाले असते. वाहिनी अजून गळते आहे.

---

खडूस_काका :

भीमथडी यांचा प्रतिसाद वाचून मी माझा टोमणा मागे घेतो. अर्धा.

---

उत्तरध्रुव :

मी गेली अकरा वर्षे स्वीडनमध्ये गोटेनबर्गला राहतो. या विषयावर अनुमानापेक्षा भक्कम पुरावा योगायोगाने याच देशाचा आहे, म्हणून लिहितो. इथे पूर्वी जवळजवळ सर्वच तरुणांना सक्तीच्या लष्करी सेवेसाठी चाचण्या द्याव्या लागत आणि त्यांत आकलनशक्तीची व नेतृत्वगुणांची परीक्षा असे. काही अर्थशास्त्रज्ञांनी ते गुण आणि पुढे निवडून आलेल्या लोकप्रतिनिधींच्या नोंदी एकमेकांशी जोडून २०१७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. स्थानिक परिषदांपासून संसदेपर्यंतचे राजकारणी, ज्या जनतेचे ते प्रतिनिधित्व करतात तिच्या सरासरीपेक्षा, दोन्ही परीक्षांत वरचढ निघाले. इतकेच नव्हे, तर ते स्वतःच्या सख्ख्या भावंडांपेक्षाही सरस होते, म्हणजे घराण्याच्या आधारावर हा फरक पूर्णपणे समजावता येत नाही. आणि ते केवळ उच्चभ्रू घरांतून आलेले नव्हते. सर्व थरांतून आलेले होते.

याचा अर्थ स्वीडिश माणूस जन्मतः सार्वजनिक वृत्तीचा असतो, असा मी काढत नाही. इथली रचना वेगळी आहे. मतदार पक्षाच्या यादीला मत देतात, त्यामुळे उमेदवाराला पदरचे पैसे ओतून मतदारसंघ "बांधावा" लागत नाही. नगरपरिषदेचे बहुसंख्य सदस्य हे फावल्या वेळचे राजकारणी असतात. आमच्या शहराच्या परिषदेत ८१ सदस्य आहेत आणि त्यांतले बहुतेक आपापली नोकरी सांभाळून बैठकीला येतात. माझ्या कार्यालयातली एक सहकारी, उत्तम संगणक अभियंता, चार वर्षे परिषदेवर होती, पुढच्या वेळी यादीत खाली गेली आणि पुन्हा पूर्णवेळ कामावर रुजू झाली. तिच्या आयुष्यात काही उद्ध्वस्त झाले नाही. आपल्याकडे हुशार माणसाला राजकारणात येणे म्हणजे परतीची वाट बंद करणे वाटते, आणि ते वाटणे चुकीचे नाही.

---

साक्षेपी :

परतीची वाट हा शब्दप्रयोग नेमका आहे, आणि त्याला मी आत जाण्याची वाट हा शब्द जोडतो.

आपल्याकडे ही वाट पूर्वी महाविद्यालयीन निवडणुकांतून जात असे. हिंसाचाराच्या घटनांनंतर १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने त्या खुल्या निवडणुका थांबवल्या. २०१६ च्या कायद्यात त्या परत आणण्याची तरतूद झाली, पण मुलांना मतपेटी काही दिसली नाही. म्हणजे माझ्या वर्गातला विद्यार्थी बावीस वर्षांचा होईपर्यंत हरण्याचा एकही निरुपद्रवी अनुभव घेत नाही. त्यानंतर त्याच्यासमोर एकदम मांडले जाते ते महापालिकेचे किंवा विधानसभेचे राजकारण, जिथे विधानसभेची कायदेशीर खर्चमर्यादाच ४० लाखांची आहे आणि प्रत्यक्ष खर्चाविषयी कोणी शपथेवर बोलत नाही. ज्याच्या घरात आधीपासून राजकारण आहे, त्याला ही दरी जाणवत नाही. पृथ्वीराज चव्हाण बर्कलीला शिकलेले अभियंते आहेत, पण त्यांचे आई-वडील दोघेही खासदार होते, हे विसरून चालणार नाही. बुद्धीपेक्षा उंबरठा महत्त्वाचा ठरतो तो असा.

गोखल्यांना हे शतकापूर्वी उमगले होते. १९०५ मध्ये भारत सेवक समाज स्थापन करताना त्यांनी सार्वजनिक कार्य ही फावल्या वेळची हौस न मानता शिकण्याची विद्या मानली. सदस्याला पाच वर्षांची शिकाऊ उमेदवारी होती आणि पोटापुरते मानधन होते. बुद्धिमान तरुणाने घर वाऱ्यावर सोडू नये आणि श्रीमंतही होऊ नये, अशी ती मधली सोय होती. तशी सोय आज कोणता पक्ष करतो?

आणि आत गेल्यावर काय, हा प्रश्न उरतोच. १९८५ च्या बावन्नाव्या घटनादुरुस्तीनंतर पक्षादेशाविरुद्ध मत देणाऱ्याचे सदस्यत्व जाते. पक्षांतराला आळा घालण्याचा हेतू चांगला होता. तो कितपत साधला, हे महाराष्ट्राने अलीकडेच पाहिले आहे. पण त्याचा एक परिणाम निश्चित झाला. विधेयकाचा अभ्यास करून स्वतःचे मत बनवणाऱ्या सदस्याला त्या मताचा मतदानात उपयोग उरला नाही. ज्याचे भांडवल स्वतंत्र विचार हेच आहे, त्याने ते गुंतवावे कुठे?

---

अनुस्वार :

साक्षेपी यांच्या शेवटच्या प्रश्नाला मी पूर्ण सहमत होणार नाही. प्रा. मधू दंडवते मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवत होते. कोकणातल्या राजापूरसारख्या, मनीऑर्डरवर चालणाऱ्या मतदारसंघातून ते १९७१ पासून पाच वेळा लोकसभेवर गेले. रेल्वेमंत्री असताना त्यांनी दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर दोन इंचांचा फोम बसवला. पक्षादेशाने तो बसला नव्हता. लाकडावर रात्र काढणाऱ्याची पाठ त्यांना कळत होती म्हणून बसला. आणि दुसरीकडे चिंतामणराव देशमुख. मॅट्रिकला पहिले, आयसीएसला पहिले, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. आपल्या व्याख्येत यापेक्षा "हुशार" माणूस बसणार नाही. ते १९५२ मध्ये कुलाब्यातून (आताच्या रायगड जिल्ह्यातून) निवडून आले, अर्थमंत्री राहिले आणि १९५६ मध्ये मुंबई महाराष्ट्रात असावी की नाही या प्रश्नावर राजीनामा देऊन बाहेर पडले. लोक त्यांच्या परीक्षेतल्या क्रमांकांचे कौतुक करतात. महाराष्ट्राने त्यांना डोक्यावर घेतले ते मात्र राजीनाम्यामुळे.

आमच्या सोसायटीतल्या निवृत्त प्राध्यापकांना मी हा धागा वाचायला दिला. ते म्हणाले, "म्हणजे आम्ही भित्रे, असेच ना?" मी म्हटले, "तसे कोणी लिहिलेले नाही, सर." थोडा वेळ थांबून त्यांनी मला विचारले की प्रमाणपत्राची मूळ प्रत लागते की छायाप्रत साक्षांकित केली तरी चालते.

---

मांडवीकाठ :

आणि शेजारच्या त्या मुलीचे काय झाले?

---

अनुस्वार :

वडिलांनी सहा महिन्यांची मुदत दिली आहे. ती पक्षाच्या कार्यालयात जाते आणि सध्या तिला मतदारयाद्यांमधली दुबार नावे शोधण्याचे काम दिले आहे. तिने पहिल्याच आठवड्यात त्यासाठी एक संगणकीय आज्ञावली लिहिली; कार्यालयातल्या ज्येष्ठ कार्यकर्त्यांनी ती पाहून तिचे कौतुक केले आणि तिला सांगितले की यादीतल्या चौदा दुबार नावांपैकी तीन माणसे खरोखरच वेगवेगळी आहेत, दोन चुलतभाऊ आणि एक पुतण्या. ती आता त्यांच्याबरोबर घरोघर जाते आहे.

---

भीमथडी :

तिला माझा नमस्कार सांगा.

---

तिसरा_अटेम्प्ट :

हा धागा वाचून काल मीही नमुना १८ भरायला गेलो. तिथे कळले की अर्हता दिनांक १ नोव्हेंबर असून त्याच्या किमान तीन वर्षे आधी पदवी मिळालेली असावी लागते. माझ्या पदवीला दोन वर्षे आणि चार महिने झाले आहेत. शिवाय मी कायमचा पत्ता लातूरचा लिहिला होता, तर पुण्याच्या यादीत तो चालणार नाही, मराठवाड्याच्या यादीत चालेल, असे तिथल्या बाईंनी शांतपणे समजावून सांगितले. अनुच्छेद १७१ मला तोंडपाठ होता. अर्ज घेऊन परत अभ्यासिकेत आलो तेव्हा जागा गेलेली होती.